तीन इंची पाइप

३ जानेवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नेऊ नकोस. फोनवर बोलायला लागले की माझा आवाज चढतो, तुझं घर दीड खोलीचं, आणि आईचे कान अजून शाबूत आहेत. तिला यातलं काही कळायला नको.

घराचं छप्पर झालं, आतून गिलावा झाला. बाबांनी ही जागा घेतली तेव्हा इथवर पाणी पोचत नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत त्यांना इथं एक वीट रचता आली नाही. आता पाणी संस्थेनं गावाच्या या टोकाला नळ द्यायचं ठरवलंय, म्हणून तर मी एवढ्या वर्षांची शिलाई या भिंतींत घातली. तर परवा नळाचा अर्ज घेऊन सचिवांकडे गेले. हा तोच, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझी गणितं उतरवायचा तो. आता त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे संस्थेचं ऑफिस, आणि बोलताना तो माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघतो.

प्रवेश फी भरा म्हणाला, ठीक. मीटरचे भरा, ठीक. रस्ता खोदायची अनामत, तेही समजलं. मग म्हणाला टाकीचा वाटा. अरे, ती टाकी बांधली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. पैसे फिटून तिला शेवाळ धरलं, आणि वाटा मी आज भरायचा? वर विकास निधी. कसला विकास, असं विचारलं तर म्हणे भविष्यातला.

आणि कळस ऐक. चौकातल्या मुख्य लाइनपासून माझ्या फाटकापर्यंतचा पाइप माझा मी टाकायचा, आणि तो तीन इंचीच हवा. वाटेत चार मोकळे प्लॉट आहेत, त्यांच्या पुढून सगळी लांबी माझ्याच गळ्यात. मी म्हटलं, माझ्या घरात दोन नळ आणि एक म्हातारी येणार, मला तीन इंची कशाला? तर म्हणतो, "ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही. नियम आहे."

मागच्या गल्लीतली इस्त्रीवाली आठ वर्षं नळ मागतेय. तिला सांगतात की तुझी खोली रस्त्याला लागून नाही, नियमात बसत नाही. आता माझ्या घरामुळं तिची भिंत माझ्या भिंतीला लागली, तरी बसत नाही ती नाहीच. माझ्या बांधकामाला पाणी तिनंच सार्वजनिक नळावरून वाहून दिलं बरं का.

आईला मी शब्द दिलाय, नळ आला की तुला न्यायला येते. पाण्यावाचून ऐंशी वर्षांच्या बाईला आणून काय बादल्या उचलायला लावू? तूच सांग काय करू.

तुझी
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र वाचताना ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे दोघं विचारायला लागले, काय झालं म्हणून. माझा चेहरा तसा झाला असणार.

ताई, तुझा राग मला कळतो. पण पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तो सचिव आहे, उद्या तोच नळ सोडणार आणि तोच बंद करणार. काय मागतायत ते देऊन मोकळी हो. मी थोडे पाठवतोय, नाही म्हणू नकोस. पाइपाचं म्हणशील तर नियम म्हणजे नियम, संस्था काही विचार करूनच करत असेल.

आई अगदी मजेत आहे. जेवते, झोपते, टीव्ही बघते. तिची काही घाई नाही, तू निवांत कर.

तुझा
बारक्या

ता. क. ताई, हे मी लिहितेय, तुमची भावजय. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून संधी मिळाली. आई मजेत नाहीत. मागच्या महिन्यात न्हाणीघरात घसरल्या, कंबर दुखावली, आता काठी घेऊन चालतात. यांनी तुम्हाला कळवायचं नाही असं बजावलंय. आईंनी पिशवी भरून पलंगाखाली ठेवलीय. रोज सकाळी विचारतात, नळ आला का.


२२ जानेवारी

बारक्या,

आई मजेत आहे म्हणे. मजेत माणसं काठी टेकतात होय? मी तुझी थोरली बहीण आहे की शेजारीण? एवढं लपवून ठेवायला तू संस्थेत सचिव म्हणून शोभशील.

असो. तुझ्या बायकोचं भलं होवो. तिची ता. क. वाचली आणि त्याच दुपारी जाऊन सगळे पैसे भरून आले. टाकीचा वाटा, भविष्यातला विकास, सगळं. दुसरं शिलाई मशीन विकलं. मला त्याचं दुःख नाही, मला दुःख आहे ते पैसे मोजून घेताना त्यानं मला चहा विचारला याचं.

तुला वाटलं असेल झालं एकदाचं. कसलं काय. पैसे भरल्यावर कळलं की मीटरला विटांचं चेंबर हवं. चेंबर बांधलं तर झाकण लोखंडी हवं. लोखंडी केलं तर त्याला कुलूप हवं आणि किल्ली संस्थेकडे. म्हणजे चेंबर माझं, झाकण माझं, कुलूप माझं आणि किल्ली त्याची. गवंडी हसायला लागला. मी नाही हसले.

पाइप येऊन पडलाय. पोरं त्यातून एकमेकांना हाका मारतात, एवढा जाड. उद्यापासून चर खोदायचा. संस्थेचा फिटर भला माणूस आहे, पण सचिवाचं नाव निघालं की त्याला पाना सापडेनासा होतो.

आईला सांग, महिन्याभरात नेते. आणि तिला न्हाणीघरात एकटीला सोडू नका.

ताई


२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. बरेच दिवस तुझं काही नाही. रागावली आहेस हे कळतं. माझं चुकलं.

आईला मी सांगून टाकलंय की नळ आला. रोज रोज विचारायची, माझ्याच्यानं राहवेना. तेव्हा आता तो खरंच आला असला तर बरं होईल. डॉक्टर म्हणाले हवापालट होऊ दे, पण न्हाणीघरात भरपूर पाणी आणि पकडायला दांडा हवा. दांडा मी घेऊन ठेवलाय.

तपासणी झाली का? सचिवांशी गोड बोल.

तुझा
बारक्या

ता. क. ताई, एक साधा प्रश्न. आमची ही इमारत चार मजल्यांची आहे, सोळा बिऱ्हाडं. सगळ्या इमारतीला रस्त्यावरून येणारा पाइप दोन इंची आहे, मी खाली जाऊन वॉचमनला विचारून आले. मग तुमच्या एका घराला तीन इंची कशाला? त्या पाइपातून आणखी कोण पाणी पिणार आहे? – भावजय


११ मार्च

बारक्या, आणि मुख्य म्हणजे बारक्याच्या बायको,

हे पत्र दोघांना आहे. बसून वाचा.

पाइप टाकून चर बुजवला आणि मागच्या आठवड्यात तपासणीसाठी पाइपात पाणी सोडलं. माझ्या मीटरला सील, म्हणजे घरात थेंब नाही. फक्त पाइप भरून बघायचा. तर तिसऱ्या प्लॉटच्या पुढं एक सांधा गळला. रस्त्यात तळं झालं. मी धावत सचिवांकडे. म्हटलं, तुमच्याच फिटरनं जोडलाय, दुरुस्त करून द्या. तो आला, तळ्याच्या काठावर चप्पल वाचवत उभा राहिला. फिटर होता, दूधवाला होता, रस्त्यावरची चार माणसं होती. त्या सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बघा ताई, संस्था ताब्यात घेत नाही तोवर पाइप तुमचा. गळती तुमची, खर्च तुमचा."

मी विचारलं, संस्था ताब्यात कधी घेणार? म्हणे, बघू.

मी दात-ओठ खाऊन पुन्हा खोदलं, सांधा बदलला. वर रस्ता उखडला म्हणून अनामतीतून कापलेले वेगळेच. रात्री जेवण गेलं नाही मला. इस्त्रीवालीनं दोन घागरी आणून ठेवल्या. त्या बाईकडे स्वतःला पुरेल एवढं पाणी नाही रे.

मग तुमचं पत्र आलं. तो दोन इंचीचा प्रश्न वाचला आणि मी जागची उठून बाहेर गेले. त्या चार मोकळ्या प्लॉटांवर पंधरा दिवसांपूर्वी एक पाटी लागलीय. मी रोज तिच्याखालून जाते, पण वाचली कुठं होती. 'तयार प्लॉट. रस्ता, वीज, पाणी.' खाली ज्याचा फोन नंबर आहे तो सचिवाचा जावई.

कळलं? माझ्या मशीनच्या पैशांनी पाइप टाकून घेतला, आणि आता जावई चार प्लॉट नळासकट विकणार. त्यांना माझ्या फाटकापर्यंतची लांबी नाही, तीन इंची नाही, दारातून नुसतं जोडून घ्यायचं. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबा मलाच म्हणतो तुला त्यातलं कळत नाही. संताप संताप झालाय माझा.

ताई


१८ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. वाचून मलाही वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आता ऐक. आई काही ऐकेना. पुढच्या महिन्यात सात तारखेला रविवार आहे, त्या दिवशीची बसची तिकिटं मी काढलीत. तिला सोडून मला रात्रीच परत फिरावं लागेल, रजा नाही.

तेव्हा भांडण वाढवू नकोस. त्यांना जोडायचं तर जोडू दे. तुझं काय जातंय? पाइपातून पाणी जातंच आहे. आईला नळ हवाय, न्याय नकोय. ती थकलीय, ताई. तिच्या डोळ्यांदेखत भांडणं नकोत.

तुझा
बारक्या

ता. क. सोडू नका. पाइप तुमचा असं चार माणसांसमोर तोच म्हणालाय ना? मग असू दे तुमचा. – भावजय


१ एप्रिल

बारक्या,

तिकिटं रद्द कर. निदान पुढं ढकल.

सोमवारी सकाळी फिटर आणि दोन मजूर पहिल्या प्लॉटपुढं खोदायला आले. मी घरातून खुर्ची आणली, जिथं खोदणार तिथं मांडली आणि गणवेशांना काजं करत बसले. फिटर म्हणाला, ताई, उठा की. म्हटलं, पाइप कोणाचा? तो बिचारा पाना शोधायला लागला. मजुरांनी विड्या पेटवल्या. दूधवाला सायकल लावून थांबला, तो आपणहून म्हणाला, मी ऐकलंय, पाइप ताईंचाच आहे.

मग सचिव आला. बोलणं खूप झालं, ते सगळं लिहीत नाही. मी एवढंच सांगितलं की पाइपाला जोडायचं तर प्रत्येक प्लॉटनं आपापल्या लांबीचा वाटा मला परत द्यायचा. आणि सगळ्यांत आधी इस्त्रीवालीला माझ्या अंगणातून नळ द्यायचा, विकास निधी न घेता. नाहीतर मी काही खुर्चीवरून उठत नाही.

त्याला पंख्याकडे बघायची सवय ना, रस्त्यात पंखा नव्हता म्हणून आभाळाकडे बघत म्हणाला, "पाइप तुमचा असेल ताई, पाणी संस्थेचं आहे. प्लॉटांच्या जोडणीला तुमची संमती येईपर्यंत मीटरचं सील निघणार नाही."

झालं. पाइप माझा, पाणी त्याचं, आणि दोन्ही असून घर कोरडं. संस्थेच्या कमिटीतल्या बाकीच्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळे म्हणतात, तुमचं खरं आहे. आणि सगळे म्हणतात, सचिवांना विचारून सांगतो.

मी हटणार नाही. पण आईला अशा घरात आणू नकोस. हात जोडते.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,

तुझं पत्र मी परतल्यावर मिळालं. तोवर आईला तुझ्या दारात सोडून आलो होतो. तुझा चेहरा आणि दारातली इस्त्रीवालीची घागर बघूनच कळलं होतं, पण माझी बस होती. मला माफ कर. मी सगळ्यांशी गोड बोलत राहिलो आणि तुझ्यापाशी म्हातारी आणि कोरडा नळ ठेवून आलो.

आईपाशी तेवढं नीट सांगून घे. मी तिला नळ आलाय म्हणून सांगितलं होतं.

तुझा
बारक्या

ता. क. ताई, यांना अजून माहीत नाही, पण तुम्हाला सांगते. पत्रं हे ऑफिसातून खिशात घालून घरी आणायचे, आणि दुपारी मी ती आईंना वाचून दाखवायचे. पहिल्यापासून सगळी. नळ आला नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी निघायची घाई केली. आणि तो दोन इंचीचा प्रश्न माझा नव्हता. मी फक्त वॉचमनला विचारायला खाली गेले, पाठवलं आईंनी. – भावजय


२७ एप्रिल

चि. बारक्यास आणि तुझ्या त्या लबाड बायकोस,

आशीर्वाद. तू आईला सोडून गेलास त्या रात्री मी तिच्यापाशी बसून रडले. म्हटलं, आई, तुला शब्द दिला आणि घरात चूळ भरायलाही पाणी नाही. ती म्हणाली झोप आता, उद्या बघू. मला वाटलं तिला काही कळलं नाही.

सकाळी उठते तर आई चपला घालून तयार. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी, पिशवीत साबण, कंगवा आणि बदलायचे कपडे. कुठं निघालीस विचारलं तर म्हणाली, आंघोळीला. मला वाटलं इस्त्रीवालीकडे. तर ही काठी टेकत गल्लीतून बाहेर, चौकातून सरळ, आणि सचिवांच्या दारात. मी मागं धावले, माझं ऐकेल तर ना.

सचिव दार उघडून बघतच राहिला. आई म्हणाली, "अरे, माझ्या लेकीच्या घरी पाणी नाही आणि ते तुझ्याकडे आहे. मला आंघोळ करायचीय."

ऐंशी वर्षांच्या बाईला काय नियम सांगणार? त्याची बायको पुढं आली, हात धरून आत नेलं, गरम पाणी दिलं. आई तिच्या सवयीनं सावकाश नाहून बाहेर आली आणि पायरीवर उन्हात केस सोडून बसली. आता तुला माहीत आहे, तीच पायरी म्हणजे संस्थेच्या ऑफिसची पायरी. बिल भरायला येणारा जो तो विचारतो, आजी, इथं कशा? आणि आई खोटं बोलत नाही. विचारलं की सांगते, पाइपापासून सुरुवात करून, मध्ये कोणी पाणी दिलं तर पिते आणि पुढं सांगते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला लाज वाटायची आणि तिला सांगायची सोय नव्हती. म्हणे, लाज तुला कशाला? पाणी त्यानं अडवलंय, तो दार उघडतोय. रस्त्यातली माणसं तिच्यासाठी वाट सोडायला लागली. दूधवाला तिला चौकापर्यंत सायकलवर बसवून न्यायला तयार होता, ती म्हणाली नको, चालत गेलं की माणसं भेटतात.

आठवड्यानं सचिव माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "ताई, आईंना आवरा."

मी म्हटलं, पाइपासारखं नाही हे. आई माझी आहे, पण ती काही माझ्या ताब्यात नाही.

मग कमिटीची मीटिंग बसली. सगळ्यांनी सचिवांना न विचारता हात वर केले, असं फिटर सांगत होता, आणि सांगताना त्याला पाना लगेच सापडला. जावई चारही प्लॉटांचा वाटा देणार. पुढं कोणालाही नळ हवा असला तर त्यानं आपल्या दारापुरताच पाइप टाकायचा. इस्त्रीवालीचं नावही मंजूर झालं. माझं सील बुधवारी निघालं.

आधी गढूळ आलं, मग फेस, मग स्वच्छ. आई न्हाणीघरात दांड्याला धरून उभी होती. तिनं नळाखाली हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. म्हणाली, तुझ्या बाबांनी इथंच मागं विहिरीसाठी खड्डा खणला होता, कोरडा निघाला, आठवतं? मला आठवत होतं. आम्ही दोघी तिथंच रडलो, आणि नळ बंद करायचा राहिला तेव्हा आईच ओरडली, बंद कर, मीटर फिरतंय.

तर सगळं नीट झालं असं तुला कळवायला काल रात्री पत्र लिहायला बसणार होते. बरं झालं नाही बसले. आज सकाळी उठते तर आई पुन्हा चपला घालून तयार. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी.

म्हटलं, आता कुठं? घरात नळ आहे ना?

म्हणाली, "माझा आहे. तिचा कुठं आहे? तिला त्यानं सांगितलंय, पुढच्या महिन्यात बघू."

आणि फाटक उघडून चालायला लागली. मी अडवलं नाही. फाटकाशी इस्त्रीवाली उभी होती, तिच्याही खांद्यावर टॉवेल. ती लाजत होती, पण गेली आईच्या मागोमाग. सचिवाला आता दोन आंघोळींचं पाणी तापवावं लागेल.

मी मशीनला कुलूप घातलंय. माझा टॉवेल दोरीवर वाळत होता, तो काढून खांद्यावर घेतलाय. पत्र पोस्टात टाकते आणि तशीच पुढं त्यांच्यामागं जाते.

तुझी
ताई